वर सरकवलेली रेघ

"चीपसायबानू, रेघ वर न्हेल्यान होडी वर येवची नाय," अंतू मेस्त म्हणाला.

ओहोटी होती. आमची कॅटमरान खाडीच्या चिखलात बसली होती आणि मी गुडघाभर चिखलात उभा राहून तिच्या पोटाला लाल रंग लावत होतो. बोटीचा जो भाग पाण्याखाली राहतो त्याला हा रंग द्यावा लागतो, नाहीतर शेवाळ आणि कालवं धरतात. रंग जिथे संपतो ती पाण्याची रेघ. आमची रेघ पाण्याखाली गेली होती, म्हणून मी ती चार बोटं वर नेत होतो. तिसऱ्यांदा.

"अंतू, तू रंग ढवळ."

"ढवळतंय. पण होडयेक कित्याक फसयतास? वजान जास्त झाला हा. होडी म्हंजे काय पोर न्हय, भरवल्यार वाढूक. ती खाली बसता."

अंतूच्या तीन पिढ्या गलबतं बांधण्यात गेल्या. मी एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यातली चौदा चीफ इंजिनिअर म्हणून. त्यामुळे आमच्या दोघांत शहाणं कोण, हा वाद रोजचा होता आणि तो मी रोज जिंकत असे, कारण बोट माझी होती. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला त्या वेळी ठोसा मारला असता तरी कळलं नसतं.

ह्या गोष्टीला बारा वर्षं झाली. निवृत्त होऊन मी देवगड तालुक्यातल्या आमच्या तांबळवाडीला परत आलो होतो. आमचं घर सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, अगदी कडेला आहे, खाली खाडी आणि समोर समुद्र. माझी बायको शालन कऱ्हाडकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिनं समुद्र फक्त पुस्तकात पाहिला होता, आणि मी महिनाभरात तिला त्याच्यासमोर बसवून बोटीवर निघून गेलो. गावातल्या प्राथमिक शाळेत ती शिक्षिका होती. शाळा, घर, आणि व्हरांड्यातून दिसणारं पाणी, एवढ्यात तिची तीस वर्षं गेली. तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मी दर खेपेला सेंटच्या बाटल्या आणायचो, त्या ती कपाटात ठेवायची.

मग तिचा उजवा पाय घसटायला लागला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सरळ सांगितलं, हा मज्जातंतूंचा आजार आहे, ह्याला औषध नाही. आधी पाय जातील, मग हात, मग श्वास. बुद्धी शेवटपर्यंत लख्ख राहील. दोन वर्षं धरा, फार तर तीन.

परत येताना फोंडा घाट संपल्यावर ती म्हणाली, "अहो, मी इतकी वर्षं घरातनं समुद्र बघितला. एकदा समुद्रातनं आपलं घर बघायचंय. बास. दुसरं काही नको."

आयुष्यात पहिल्यांदा मागितलं, तेही एवढंच. कुणाही शहाण्या माणसानं दुसऱ्या दिवशी मासेमारीची होडी ठरवून तिला नेऊन आणलं असतं. मी गोव्याला गेलो आणि एक जुनी अडतीस फुटी कॅटमरान घेऊन आलो. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि वर माचा बांधून त्या जोडाव्यात, तशी ही बोट असते. कलंडत नाही, डुलत नाही. आजारी माणसासाठी हिच्यासारखी बोट नाही, हे माझं म्हणणं अजूनही खरं आहे.

डिसेंबरात ती खाडीत आणून बांधली. शालन तेव्हा काठी टेकत चालत होती. धक्क्यावर येऊन तिनं बोट बघितली.

"छान आहे की. जाऊ या उद्या?"

"उद्या कशी? पायऱ्या बघ किती उंच आहेत. आधी पायऱ्या करून घेतो."

"तुम्ही आणि अंतूभाऊ धराल की मला. एक तासाचं तर काम. आहे तशीच जाऊ या."

"शालन, असं नसतं. बोटीवर एक यादी असते. काय मोडलंय, काय कमी आहे, काय धोक्याचं आहे. यादी संपल्याशिवाय बोट हलवायची नाही. तीस वर्षं मी हेच केलंय."

"बरं," ती म्हणाली. शाळेत पोरांना म्हणायची तसं.

यादी केली. मागच्या पायऱ्या कापून फायबर आणि रेझिनमध्ये नव्या बुटक्या पायऱ्या बसवल्या. त्याला सात आठवडे लागले, आणि तोवर तिला पायऱ्याच चढता येईनात. मग खुर्ची उचलून आत घेणारा हात बनवला, मोटर लावून. झोपायची जागा खाली होडीच्या पोटात होती, तिथे उतरायला अरुंद जिना, म्हणून वर मधल्या माच्यावर तिच्यासाठी पलंग बांधला. संडासाचा दरवाजा रुंद केला. खुर्चीच्या मोटरला बॅटऱ्या हव्यात, बॅटऱ्यांना सोलर पॅनल हवीत, ढग आले तर जनरेटर हवा. औषधांना फ्रीज हवा. एवढं सगळं झाल्यावर गोड्या पाण्याची टाकी पुरणार नाही, म्हणून खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र. चादरी धुवायला मशीन. प्रत्येक गोष्ट बरोबर होती, आजही मी प्रत्येकीचं कारण सांगू शकतो. फक्त एकेक वस्तू लागेपर्यंत तिच्या अंगातलं एकेक काहीतरी जात होतं, आणि यादीत नवी ओळ येत होती. असे चौदा महिने गेले.

त्या दिवशी रेघ रंगवून मी घरी आलो तेव्हा शालन व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत होती. अंतूची बहीण जयवंती तिच्याकडे बघायला दिवसभर असायची. ती तिची वेणी घालत होती.

"झाली का यादी?" शालननं विचारलं.

"दोनच राहिल्यात."

"मागच्या पुनवेलाही दोनच होत्या."

"त्या वेगळ्या होत्या."

"जयवंती, ह्यांचं कसं आहे सांगू का? नमनालाच घडाभर तेल. कीर्तन उभं राहीपर्यंत बाया उठून घरी जातात." जयवंती तोंडाला पदर लावून हसली. शालनही हसली, पण मग म्हणाली, "अहो, मी थट्टा करतेय, पण खरंच सांगते. मला आता बसवत नाही फार वेळ."

"रविवारी जायचं," मी म्हणालो. "सकाळी सहाला. शब्द."

मार्चचा पहिला रविवार होता. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि समुद्र दहापर्यंत ताटातल्या पाण्यासारखा असतो. मग वारा फिरतो, वायव्येकडून जोर धरतो आणि पाणी उठायला लागतं. हे तांबळवाडीच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी साडेपाचला बोटीवर गेलो, सगळं एकदा तपासलं, आणि तळातलं पाणी उपसणारा एक पंप चालेना. दोन्ही होड्यांत मिळून चार पंप होते. तीन चालू होते.

"चला सायबानू, तीन बस झाले," अंतू म्हणाला. "पाणी भरता हा, वारो बरो हा."

"यादीत चार आहेत."

पंप खोलला. त्यात प्लॅस्टिकचा तुकडा अडकला होता. तो काढून, जोडून, चालवून बघून, हात धुऊन मी वर आलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते. शालन धक्क्यावर पावणेसहापासून बसली होती, डोक्याला टॉवेल बांधून. मोटरच्या हातानं खुर्चीसकट तिला उचलून आत घेतलं तेव्हा ती जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी हसली, आणि मला वाटलं, चौदा महिने वसूल झाले.

पलंगावर निजवली. जयवंती उशाशी बसली. खाडीतून आम्ही छान निघालो. खाडीच्या तोंडाशी दांड्याचा खडक आहे, तो मागे टाकल्याशिवाय आमचं घर दिसत नाही. खडक अजून अर्धा मैल होता आणि पहिली लाट आली.

कॅटमरान हलकी असली की लाट दोन होड्यांच्या मधून, माच्याखालून निघून जाते. जड झाली की माचा खाली येतो आणि लाट त्याला खालून धडकते. मला हे माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, अंतूनं शंभरदा सांगितलं होतं. बोट दाणकन हादरली. कपाटातल्या बश्या खाली आल्या. दुसरी लाट. तिसरी. आणि त्या लाटा जिथे आपटत होत्या, बरोबर त्याच्या वर मी शालनचा पलंग बांधला होता. हाडं आणि कातडी एवढंच उरलं होतं तिचं. तिसऱ्या लाटेला तिच्या तोंडून आवाज निघाला. मी तिचा तसला आवाज कधी ऐकला नव्हता.

"फिरवा!" अंतू ओरडला.

"दांडा येऊ दे. पाच मिनिटं. शालन, पाच मिनिटं फक्त!"

जयवंतीनं तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. "चीपसायेब, बाईंका सोसणा नाय हो!"

आणखी दोन आपटल्या. मग शालन म्हणाली, "फिरवा आता. असू दे."

मी फिरवली. घर दिसलं नव्हतं.

तिला परत घरी आणून निजवल्यावर मी तिच्या पलंगाशी उभा राहिलो. तिच्या पाठीवर जयवंती गरम पाण्याची पिशवी धरत होती.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. हे मी आयुष्यात फार वेळा म्हटलेलं नाही. "बोट जड झालीय. सगळं काढून टाकतो. आठ दिवस दे मला."

"आज बसा की इथं जरा," ती म्हणाली.

"आठ दिवस फक्त. बघशील तू, कशी पळते ती." आणि मी पान्हे घेऊन खाली उतरलो.

घालायला चौदा महिने लागले ते काढायला सहा दिवस पुरले. जनरेटर काढला. गोड्या पाण्याचं यंत्र काढलं. वॉशिंग मशीन, मोठा फ्रीज, बॅटऱ्यांची एक अख्खी रांग, माझ्या हौसेचं लाकडी कपाट, सगळं अंतूच्या होडीतून किनाऱ्यावर आलं आणि माडाखाली ढीग झाला. पलंगही मागे हलवला, लाट लागणार नाही अशा जागी. एकेक वस्तू उतरली की बोट केसभर वर यायची. चौथ्या दिवशी लाल रंगाची रेघ पाण्याबाहेर आली, सहाव्या दिवशी चार बोटं लाल दिसायला लागलं. अंतूनं त्या रंगाकडे बघून नुसती विडी पेटवली. मला इतका आनंद झाला होता की मी त्याच्याकडून एक विडी मागून घेतली.

त्या सहा दिवसांत मी उजाडताना घराबाहेर पडायचो आणि दिवे लागल्यावर यायचो, ते थेट अंथरुणात. जयवंती दारात काहीतरी सांगायला थांबायची. मी म्हणायचो, "उद्या सांग गो, उद्या."

सातव्या दिवशी भल्या पहाटे मी शालनला उठवलं. "झाली. चल. सहा वाजतायत, पाणी बघ कसं आहे."

तिनं डोळे उघडले. श्वास तोकडा झाला होता तिचा, दोन शब्दांमागे एक. "मी नाही येत," ती म्हणाली. "मला उचलू नका आता."

"अगं पण आता आपटणार नाही. शपथ घेऊन सांगतो."

"तसं नाही. मला होत नाही. तुम्ही जा. घर कसं दिसतं तिथनं, ते बघून या. मग मला सांगा."

मी गेलो. अंतूला घेऊन, शीड लावून. आणि काय चालली म्हणून सांगू! मतलई मागून होता, दांड्याच्या खडकाला आम्ही वीस मिनिटांत मागे टाकलं, साडेसात नॉट! पुढे वळवून मुद्दाम खडकाजवळ उठणाऱ्या लाटांवर घेतली, तर लाट खालून गुपचूप निघून जायची, आवाजसुद्धा नाही. मी माच्यावर पालथा पडून कान लावून ऐकत होतो. एकदाही आपटली नाही. मग शीड थोडं सैल करून बघितलं, थोडं ताणून बघितलं. सुकाणू हलकं झालं होतं, पूर्वी दोन्ही हात लागायचे, आता दोन बोटांनी वळत होतं. नऊ वाजता परत आलो आणि पायवाटेनं जवळजवळ धावतच घर गाठलं.

"शालन! साडेसात नॉट! आणि एकदा, एकदासुद्धा..."

"घर दिसलं?" तिनं विचारलं.

मी थांबलो. दांडा ओलांडल्यापासून परत येईपर्यंत मी किनाऱ्याकडे बघितलंच नव्हतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि ज्या घरात मी जन्मलो ते कसं दिसत असेल हे काय मला माहीत नव्हतं?

"दिसलं की. लख्ख. कौलं लाल, फणस हिरवागार. छान दिसतं."

"आणि मी दिसले? माझी खाट व्हरांड्यात आणून ठेवली होती जयवंतीनं. मी हात केला तुम्हाला."

"दिसलीस ना. मी पण हात केला."

जयवंती पेज घेऊन येत होती, ती दारातच थबकली. शालननं डोळे मिटले. दमली असेल असं मला वाटलं.

"अहो," ती म्हणाली, "माझा हात उचलत नाही आता. दोन्ही. सोमवारपासनं. जयवंती भरवते मला."

तेव्हा मी तिच्या हातांकडे बघितलं. चादरीवर दोन्ही पडले होते, तळवे वर करून, कुणीतरी आणून ठेवल्यासारखे. सोमवार म्हणजे ज्या दिवशी आम्ही जनरेटर उतरवला तो दिवस. आज रविवार होता. मला रडू फुटलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझं रडून होईपर्यंत थांबली.

"उद्या परत जा," ती म्हणाली. "ह्या वेळी बघून या. खरं काय ते सांगा."

दुसऱ्या दिवशी सुकाणू अंतूकडे दिलं. मी मागे बसलो, बोटीकडे पाठ करून, आणि दांडा ओलांडल्यापासून डोळ्याची पापणी हलवली नाही. अंतूनं मला परत येईपर्यंत हाक मारली नाही. घरी आल्यावर हातपाय धुतले, तिच्या खाटेशी स्टूल ओढलं, आणि जयवंतीच्या हातातून वाटी घेतली.

"सांगा," ती म्हणाली.

"आधी दिसतच नाही. सगळा काळा कातळ. मग खडक संपला की वर सडा दिसतो, पिवळा पडलाय सगळा गवत वाळून. त्याच्या कडेला आपलं घर. आगपेटीएवढं. कौलं लाल नाही दिसत. मातीच्या रंगाची दिसतात, नीट बघितलं नाही तर घर आहे हे कळत नाही. फणस दिसतो. तुझी शाळा नाही दिसत, मधे देवळाची राई येते."

"ऊन कुठनं येतं?"

"मागून. घराच्या मागून वर येतं. त्यामुळे पुढची बाजू सकाळी अंधारात असते."

"आणि व्हरांडा?"

"व्हरांडा म्हणजे एक काळी पट्टी. त्यात माणूस आहे की नाही, ते कळत नाही, शालन. मी दुर्बीण लावून बघितलं. नाही कळत."

मी पेजेचा चमचा पुढे केला, तो तिनं घेतला, सावकाश गिळला.

"पहिली काही वर्षं तुम्ही मुंबई-कोचीनच्या जहाजावर होता ना," ती म्हणाली. "पत्रात लिहायचात, अमुक तारखेला सकाळी आपल्या गावासमोरनं जाऊ. मी शाळेत उशिरा जायचे त्या दिवशी. पिवळं पातळ नेसून व्हरांड्यात उभी राहायचे. जहाज दिसलं की हात करायचे, पार नाहीसं होईपर्यंत. मला वाटायचं, तुम्ही वर उभे असाल. तुम्हाला दिसत असेल."

तिनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशीचं खोटं अजून माझ्या तोंडात कडू होतं, म्हणून खरं सांगितलं.

"मी वर नसायचो, शालन. मी खाली इंजिनरूममध्ये असायचो. तिथे खिडकी नसते. गाव कधी आलं आणि कधी गेलं, मला कळायचंसुद्धा नाही. पत्रात तारीख लिहायचो ती तुला बरं वाटावं म्हणून."

तिनं मान माझ्याकडे वळवली. तेवढी अजून वळत होती.

"मग मी कुणाला हात करत होते हो इतकी वर्षं?"

मी वाटी खाली ठेवली आणि तिचा हात हातात घेतला. ती त्यानंतर अकरा दिवस होती. मी एकदाही खाली खाडीवर गेलो नाही, आणि तिनं ते पुन्हा विचारलं नाही.